प्रॅमिपेक्सोल की प्रीगॅबॅलिन? पायांची वळवळ आणि जिवाची घालमेल दोन्ही असणाऱ्यांसाठी

धंतोली-रामदासपेठेत एकेका इमारतीवर खाली न्यूरोफिजिशियनची, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरांची, आणि वर मानसोपचारतज्ज्ञांची पाटी लागलेली दिसते. ज्याच्या पायांना रात्री स्वस्थता नाही आणि जिवाला दिवसभर नाही, त्याला दोन्ही मजले चढावे लागतात. खालच्या चिठ्ठीवर एक गोळी, वरच्या चिठ्ठीवर दुसरी, आणि दोघींची आपसात ओळख नसते. पायांसाठी फिरून फिरून दोन नावं समोर येतात. मी दोन्ही घेतल्या आहेत, आधी प्रॅमिपेक्सोल आणि मग प्रीगॅबॅलिन. रेस्टलेस लेग्ज, म्हणजे आडवं झालं की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही असा आजार, कसा असतो आणि पाय चेपून का भागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा सांगणारी रक्ताची तपासणी, केली नसेल तर मात्र ही तुलना तूर्त बाजूला ठेवा. लॅबच्या रिपोर्टवर 40 हा आकडा बिनधास्त नॉर्मलमध्ये बसतो, त्यापुढे लाल खूण नसते आणि आपण कागद घडी करून ठेवून देतो. या आजारात मोठ्या माणसाचं फेरिटिन 75 किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करतात. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, चहा ते अंगी लागू देत नाही. व्हिटॅमिन सी मात्र ते अंगी लागायला मदत करतं, आणि संत्र्याच्या दिवसांत नागपूरकराला त्याची वेगळी गोळी कशाला हवी?

दुसरी गोष्ट वरच्या मजल्याची. घालमेलीसाठी सर्रास मिळणाऱ्या एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन या गोळ्यांनी काहींचे पाय जास्त वळवळतात. झोपेसाठी दिलं जाणारं मिर्टाझापिन त्या बाबतीत आणखी बदनाम आहे. सर्दीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रॅमाइड यांचंही तसंच. यातलं काही आपल्या मनाने बंद करायचं नाही, पण खालच्या डॉक्टरांना वरची चिठ्ठी दाखवायची.

आता मूळ मुद्दा.

प्रॅमिपेक्सोलचं पहिलं रूप असं असतं की माणूस भाळतो. 0.125 मिलिग्रॅमची इवलीशी गोळी, झोपण्याच्या दोन-तीन तास आधी. मला तिचा गुण लगेच आला. उन्हाळ्यात आमच्याकडे कुलरसमोर सगळे आडवे झाले की मी एकटा गच्चीवर फेऱ्या मारायचो, ते थांबलं. सकाळी डोकं जड नाही, वजन वाढत नाही. थोडी मळमळ झाली, ती जेवणानंतर घेतल्यावर गेली. तुलना इथेच संपली असती तर मी डोळे मिटून प्रॅमिपेक्सोल म्हटलं असतं.

पण या गोळीने माझं घड्याळ हलवलं. आधी पाय अकराला सुरू व्हायचे. काही महिन्यांनी ते नवाला सुरू झाले, मग दिवेलागणीला, आणि पुढे तर ऑफिसात चारचा चहा यायच्या आत पोटऱ्यांमध्ये ती ओढ जाणवायला लागली. डॉक्टर याला ऑगमेंटेशन म्हणतात. गोळी जो त्रास दाबते तोच हळूहळू लवकर, जास्त जोराने आणि कधी हातांतसुद्धा आणते. डोस वाढवला की काही दिवस बरं वाटतं आणि मग वेळ आणखी अलीकडे सरकते. उधारी फेडायला दुसऱ्या दुकानातून उधार घेतल्यासारखा प्रकार. नुसते पाय दुखरे असते तर हे मी कदाचित सोसलंही असतं. पण ज्याला आधीच काळजी करायची सवय आहे, त्याच्या हातात हे घड्याळ म्हणजे आगीत तेल. दुपारी तीनपासून मी पायांकडे लक्ष ठेवून बसायचो. लक्ष ठेवलं की छातीत धडधड, धडधडलं की पाय, आणि मग सुरुवात नेमकी कुठून झाली हेच कळेनासं होतं.

देशपांडे सभागृहात नाटकाला जायचं तर कडेची खुर्ची मिळाली तरच. मेट्रोत जागा रिकामी असूनही मी उभा, आणि एखाद्या काकू प्रेमाने म्हणायच्या, ‘बसून घ्या ना हो.’ विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जायचं म्हणजे रात्रभर डब्याच्या दारापासून दारापर्यंत. रात्रीचा त्रास माणूस घरच्या घरी झाकून नेतो. दिवसाचा झाकता येत नाही, आणि घाबरट माणसाला सगळ्यात नकोशी गोष्ट कोणती, तर चारचौघांत दिसणं. डॉक्टरांनी गोळी बदलायचं सुचवलं तेव्हा मी कारणही विचारलं नाही.

प्रॅमिपेक्सोलबद्दल आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, माझ्या वाट्याला ती आली नाही. काही लोकांना या जातीच्या औषधांनी जुगार, खरेदी, खाणं यांचा अनावर नाद लागतो. फोनवर रमी खेळणाऱ्यांनी आणि मध्यरात्री सेल बघणाऱ्यांनी घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं, कारण ज्याला नाद लागतो त्याला तो स्वतःला दिसत नाही.

प्रीगॅबॅलिनची पहिली भेट त्या मानाने रूक्ष. पहिल्या रात्री पाय शांत होतील ही आशा सोडा. डोस हळूहळू वर जातो, फरक कळायला काही आठवडे लागू शकतात. सुरुवातीला सकाळी अंग असं जड की स्कूटरला हात लावायची हिंमत होत नव्हती. शंकरनगर चौकातून ऑटोने जात होतो. उभं राहताना थोडी चक्कर, दुपारी पेंग. आणि वजन. तर्री पोह्यांची एक प्लेट पूर्वीही व्हायची, आता दुसरी समोर आपोआप यायला लागली आणि पोट नाही म्हणेना. पायाचे घोटेही काहींचे सुजतात. हे सगळं मी छोटं करून सांगणार नाही. ज्याचं वजन आधीच डॉक्टरांच्या बोलण्यात येतं, त्याने दोनदा विचार करावा.

तरीही माझं पारडं इकडे झुकतं. एक तर पायांची वेळ जिथल्या तिथे राहिली. त्रास येतो तेव्हा अजूनही रात्रीच येतो, आणि कमी येतो. संध्याकाळ मला परत मिळाली. दुसरं म्हणजे ही गोळी वरच्या मजल्याचंही थोडं काम करते. युरोपात प्रीगॅबॅलिन सततच्या चिंतेच्या आजारासाठीही मंजूर आहे. माझी घालमेल गेली असं म्हणणार नाही, पण दुपारी तीनला पायांची वाट बघत बसणं सुटलं. ते गोळीमुळे की पाय शांत झाल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही, आणि खरं तर पर्वाही नाही.

माझा अनुभव एका माणसाचा. पण 2014 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये या दोन औषधांची वर्षभराची थेट तुलना छापून आली. तिच्यात 719 रुग्ण होते. त्रास वाढून अलीकडे सरकण्याचं प्रमाण प्रीगॅबॅलिनवर 2.1 टक्के, तर प्रॅमिपेक्सोल 0.5 मिलिग्रॅमवर 7.7 टक्के निघालं. 0.25 मिलिग्रॅमवर ते 5.3 टक्के होतं, पण तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे प्रत्येकाचं घड्याळ हलतंच असं नाही, हेही त्यातूनच दिसतं. पुढे 2025 मध्ये अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने प्रॅमिपेक्सोल सरसकट देऊ नये असं सुचवलं आणि प्रीगॅबॅलिन आणि तिच्याच जातीचं गॅबापेंटिन यांना पुढे केलं.

प्रॅमिपेक्सोल कोणी घ्यावी मग? श्वासाचा आजार असलेल्यांना, घोरता घोरता श्वास अडकणाऱ्यांना, रोज संध्याकाळी ‘बसणाऱ्यांना’ प्रीगॅबॅलिन जपूनच देतात, कारण श्वास मंदावण्याचा धोका असतो. मन फार खचलेलं असेल, नको ते विचार येत असतील, तर तेही आधी सांगायला हवं. अशांसाठी प्रॅमिपेक्सोलचा छोटा डोस, छोटाच ठेवून, हा मार्ग डॉक्टर काढू शकतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर दोन्हींचे डोस बदलतात.

एकीवरून दुसरीवर जायचं ठरलं तर लग्नसराई किंवा मोठ्या प्रवासाच्या तोंडावर जाऊ नका. दोन्हीपैकी कुठलीच गोळी एकदम तोडायची नसते. प्रॅमिपेक्सोल उतरवताना मधल्या रात्री वाईट जातात, तेव्हा सकाळी कोणाला तोंड दाखवावं लागणार नाही असा आठवडा काढा. आणि यातली कुठलीही गोळी सुरू करण्याआधी पाय रोज किती वाजता सुरू होतात ते कॅलेंडरवर लिहायला लागा. वेळ सरकतेय का, हे नंतर आठवणीवरून सांगता येत नाही, आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.