शोषखड्डा, गट्टू आणि दीड इंच वर बसलेली जाळी: सहा महिन्यांनंतर

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडचं, जमीन काळी. मे महिन्यात आम्ही घराभोवतीच्या पावसाच्या पाण्याचं काम एका ठेकेदाराकडून करून घेतलं. छपराच्या टिनांना पन्हाळ आणि पाइप 9,000 रुपये, शोषखड्डा (पाणी जमिनीत मुरवायचा दगडगोट्यांचा खड्डा) 14,000, अंगणात 400 चौरस फूट गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, 18,000. एकूण 41,000. कापसाच्या पैशातून दिले, म्हणून प्रत्येक रुपयाचा हिशेब लिहिते आहे.

जूनच्या शेवटी माझं मत फार चांगलं होतं. मृगाच्या सरी हलक्या होत्या, दारात चिखल नव्हता, पोरांच्या चपला कोरड्या राहत होत्या. गावात दोघीतिघींना मी हेच काम करून घ्यायला सांगितलं होतं. त्यांच्यासाठीच हा मजकूर आधी लिहायला हवा होता.

पुनर्वसूत एका रात्री पाऊस लागला. अंगणात उभ्या भिंतीचा डबा ठेवला होता, सकाळी पट्टीने मोजलं तर 7 सेंटीमीटर पाणी. महसूल खातं 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतं, म्हणजे तेवढा पाऊस होऊन गेला होता. रात्री दोनच्या सुमारास घराच्या बाजूच्या सांधवाडीतल्या खोलीत पाणी शिरलं. तिथे तुरीचे अकरा कट्टे होते. खालच्या थरातले चार भिजले.

कंदील घेऊन मी अंगणात उभी राहिले आणि पाणी कुठे जातं ते पाहिलं. अंगणातलं पाणी ज्या विटांच्या चेंबरमधून शोषखड्ड्यात जायचं, त्याच्या जाळीपर्यंत कडुनिंबाचं एक पान वाहत आलं, जाळीच्या कडेला टेकलं, तिथेच गोल फिरलं आणि वळून खोलीच्या उंबऱ्याकडे निघालं. चेंबर रिकामं होतं. सकाळी लाकडी फळी आडवी धरून पाहिलं, जाळी गट्टूंपेक्षा दीड इंच वर बसवलेली होती. पाणी आत जाणार कसं?

या दीड इंचावर मी महिनाभर भांडले. पहिल्या फोनला ठेकेदार म्हणाला, “ताई, गट्टू दोन पाण्यात दबून जाइन, मंग बरोबर लेव्हलात येइन.” मी म्हटलं, “भाऊ, गट्टू दबले तर जाळी आणखी वर येईल.” त्यावर तो गप्प. नंतर मजूर नाहीत, मग गाडी बिघडली, मग फोन उचलणं बंद. शेवटी गावातल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी सोळा गट्टू काढले, चेंबरच्या विटांचा वरचा थर उतरवला, जाळी गट्टूंपेक्षा अर्धा इंच खाली बसवली आणि लेव्हल पाइप (उंची जुळवायची पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून दाखवलं. अर्ध्या दिवसाचं काम, 700 रुपये. दहा फुटांना दोन-अडीच इंच ढाळ आणि ढाळाच्या सगळ्यात खालच्या जागी जाळी, एवढंच पाहायचं होतं. काम घेताना लेव्हल पाइप तुमच्यासमोर लावायला लावा आणि त्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. मला कुणी हे एक वाक्य सांगितलं असतं तर चार कट्टे तूर वाचली असती.

जाळी खाली बसली आणि मग खड्ड्याचं खरं रूप कळलं. आश्लेषाच्या पावसात पाणी व्यवस्थित चेंबरमध्ये गेलं, वीसेक मिनिटांत खड्डा भरला आणि चेंबरमधून उलटं वर आलं. दुसऱ्या दिवशीही खड्डा तोंडोतोंड भरलेलाच होता, तिसऱ्या दिवशी चार बोटं उतरला.

मे महिन्यात मात्र ठेकेदाराने टँकरचं पाणी ओतून दाखवलं होतं आणि ते डोळ्यांदेखत गडप झालं होतं. आम्ही सगळे खूश. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाणी त्या भेगांतून गेलं होतं. पाऊस लागला की हीच माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्ड्याच्या चारही भिंती लिंपल्यासारख्या बंद होतात. वावरात हे आपण दरवर्षी पाहतो, तरी घराच्या खड्ड्याच्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही, याचं मला वाईट वाटतं. मेमधली परीक्षा काळ्या मातीत धरू नका.

मापाचंही तसंच. टिना 24 बाय 30 फुटांच्या, म्हणजे जवळपास 67 चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. त्या पुनर्वसूच्या रात्री नुसत्या टिनांवरून 4,700 लिटर आणि अंगणातून आणखी 2,600 लिटर पाणी आलं. खड्डा 4 बाय 4 आणि 5 फूट खोल, पण दगडगोट्यांनी भरला की आत पोकळी 40 टक्क्यांच्या आसपासच राहते. म्हणजे जेमतेम 900 लिटर. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीपासून पसरलेला चार फुटी शोषखड्डा आपल्याकडे ग्रामपंचायती घरोघरी करतात, तो मोरीच्या सांडपाण्यासाठी आहे आणि त्या कामाला चांगला आहे. ठेकेदाराने तोच एक फूट जास्त खोल करून टिनांच्या पाण्याला जोडून दिला.

पुढे जे झालं त्याचं श्रेय सासूबाईंचं. त्या सुरुवातीपासून म्हणत होत्या, “पाणी कुठून येते ते पाय आधी, मंग खड्डा खंद.” ऑगस्टच्या उघाडीत त्यांनी परसात, भिंतीपासून बारा फुटांवर, 8 बाय 12 फुटांचा पाऊण फूट खोल वाफा करवून घेतला. तळ कुदळीने मोकळा केला, त्यात रेती आणि शेणखत घातलं. मागच्या टिनांचा पाइप तिकडे वळवला आणि पाणी पडतं तिथे चार चपटे दगड ठेवले, माती उखडू नये म्हणून. दुसऱ्या टोकाला दगडांचा सांडवा, तो धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) चरात. मध्ये धोपा (अळू) आणि कर्दळ, काठाने वाळा. कंद शेजारच्या जाऊबाईंनी दिले. खर्च एका मजुराची दीड दिवसाची मजुरी.

हा वाफा 2,000 लिटर पाणी धरतो, 14,000 च्या खड्ड्याच्या दुपटीहून जास्त. पाणी त्यातही लगेच मुरत नाही, पण पसरून उथळ राहतं आणि दीड दिवसात संपतं. डासांच्या अळ्यांना मोठं व्हायला आठवडाभर लागतो, तेवढं ते राहतच नाही. जास्तीचं सांडव्याने शांतपणे वावरात जातं. पोळ्याच्या आधी पुन्हा जोराचा पाऊस झाला तेव्हा मी कंदील घेऊन सांधवाडीत बसून राहिले होते. उंबरा कोरडा राहिला. दुसऱ्या सकाळी धोप्याच्या पानांवर पाण्याचे मोठे मणी होते आणि खाली पाणी निवळून तळ दिसत होता. मला इतका आनंद झाला की सासूबाईंना हाताला धरून नेऊन दाखवलं. त्या आठवड्यात दोनदा धोप्याच्या वड्या झाल्या.

एक नुकसान झालं. वाफ्याच्या काठावरची पपई गेली. पपईच्या मुळांत पाणी साचलं की ती दोन-तीन दिवसांत माना टाकते. पपई, शेवगा आणि संत्र्याचं झाड असल्या वाफ्यापासून लांबच ठेवा. आणि वाफा असो की खड्डा, घराच्या जोत्याला चिकटून करू नका. काळी माती फुगून-आकसून भिंतींना तडे देते.

आता खड्ड्याबद्दल. ओल्या काळ्या मातीत खोल खणलं की कडा ढासळतात, म्हणून पावसाळ्यात हात लावला नाही. दिवाळीनंतर दगड काढून मजुरांनी तळ खाली नेला आणि सव्वासात फुटांवर पाणी मुरू देणारा मुरूम लागला. ठेकेदार सव्वादोन फूट आधी थांबला होता. माती अजून ओली असताना 200 लिटरचे दोन ड्रम ओतले. सकाळचा चहा झाला तेव्हा ओतलेलं पाणी स्वयंपाक उरकेपर्यंत दिसेनासं झालं. खणण्याचे आणि दगड पुन्हा भरण्याचे 3,800 रुपये लागले. मृग लागल्यावर तो कसा चालतो ते पाहून त्याच्याबद्दल पुन्हा लिहीन.

गट्टू बरे आहेत, पण सांध्यांतून पाणी मुरतं हे आमच्याकडे खरं ठरलं नाही. खाली दाबलेली काळी माती असली तर ते फरशीसारखंच वाहतं. पुन्हा करायची वेळ आली तर मी फक्त दारापुढे पट्टा टाकेन आणि बाकी अंगण शेणाने सारवेन.

ठेकेदाराचे 3,000 रुपये माझ्याकडे राहिले आहेत. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. मिस्त्रींचे 700 आणि मुरमापर्यंतच्या खोदाईचे 3,800 कागदावर मांडून ठेवलेत, तुरीचं सोडून दिलं. येऊन कागद पाहा म्हटलं, अजून आलेला नाही.