एअर बेड: बबलवाला की ट्युब्युलर? बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

सासूबाईंची डावी बाजू पॅरालिसिसने गेली, तेव्हापासून त्या अंथरुणावरच आहेत. सतत एकाच जागी दाब पडून बेडसोअर (दाबाच्या जखमा) होऊ नयेत म्हणून एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरायची गादी घ्यायची होती. सर्जिकलच्या दुकानात तो मागितला की आधी बबलवाली, म्हणजे छोट्या छोट्या फुगवट्यांची गादी पुढे येते, कारण ती स्वस्त. हलक्या अंगाच्या, थोडंफार स्वतः वळणाऱ्या पेशंटला ती चालत असेल. आई वजनदार, त्यांना नाही पुरली. घरी येणाऱ्या सिस्टरांनी माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवून बघायला सांगितलं. वर निदान इंचभर फुगीर भाग लागायला हवा. इथे हाड थेट हाताला टेकलं.

मग ट्युब्युलर आणली. आडव्या नळ्या एकाआड एक फुगतात, बसतात. आमच्या पंपाचं एक चक्र साधारण 10 मिनिटांचं. नळी फुटली तर तेवढीच बदलता येते. आवाज फिशटँकच्या पंपाइतका. लाइट गेली की गादी हळूहळू बसते, म्हणून पंप इन्व्हर्टरवर घेतला. दाबाचं बटण वजनाप्रमाणे लावायचं. टणक फुगवलेली गादी बघून पाहुणे खूश होतात, पण त्याने दाब उलट वाढतो.

आईंची देखभाल करणाऱ्या मावशी सुरुवातीला वर मेणकापड, त्यावर गोधडी, त्यावर चादर ताणून खोचायच्या. एवढ्या थरांतून हवेचा उपयोग काय होणार? आता एकच सुती चादर, सैल.

पाठ शाबूत राहिली, पण टाचेने दगा दिला. जांभळट डाग, बोटाने दाबला तरी फिका होईना. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवली, तेव्हा काही दिवसांत गेला. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं: गरम लागतंय का, कडक झालंय का. शेजारच्यांनी आणून दिलेली भोकाची रबरी रिंग माळ्यावर टाकली, तिच्या कडेनेच दाब पडतो.

"एअर बेड आहे ना, मग कशाला सारखं वळवता?" हे नणंदेपासून सगळ्यांनी विचारून झालं. वळवावं लागतंच. दिवसा दर दोन तासांनी आम्ही कूस बदलतो, पाठीमागे उशी देऊन, अर्धवट कलतं. जेवताना उठवून बसवतो, पण जेवण जिरलं की डोक्याकडची बाजू 30 अंशांखाली आणतो. नाहीतर आई खाली घसरतात, कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड सरकतं.

पेशंट काठावर बसून स्वतः उठत असेल तर मात्र ही गादी घेऊ नका. काठ दबतो, तोल जातो. त्यांच्यासाठी चांगल्या फोमची गादी बघा.