येझदी रिस्टोरला दिली, चकाचक होऊन आली आणि तिसऱ्या आठवड्यात जाम झाली

लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण लोक म्हणणार एवढा कळता माणूस आणि फसला कसा. पण मागच्या महिन्यात नाशिकला गंगापूर रोडवर ओळखीतला एक पोरगा भेटला, ज्याने माझी येझदी रिस्टोर केली त्याच माणसाकडे आजोबांची राजदूत टाकायला निघालेला, ॲडव्हान्सपण देऊन बसलेला. मग म्हटलं आता लिहूनच टाकू. नाव घेत नाही, तक्रार चालू आहे.

गाडी आमच्या अण्णांची. 1982 ची येझदी 250, मैसूरच्या कारखान्याची, दोन सायलेन्सर, किक आणि गिअर एकाच दांडीला. अण्णा सातपूरला कंपनीत होते, फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे गल्लीला त्या आवाजानेच जाग यायची. 2007 नंतर गाडी जिन्याखाली गेली ती गेलीच. अण्णा 2021 ला गेले. त्यांची एक डायरी आहे, पेट्रोल किती, टू-टी ऑइल किती, कुठला पार्ट कधी बदलला, सगळं बारीक अक्षरात. ती डायरी पुढे लागणार आहे.

2018 ला नवीन जावा आली, मग 2022 ला नवीन येझदी आली, त्या फोर स्ट्रोक, जुन्या गाडीशी नावापलीकडे काही संबंध नाही, पण तेव्हापासून जुन्या टू-स्ट्रोकना जो भाव आला की भंगारवालासुद्धा 'साहेब ही व्हिंटेज आहे' म्हणायला लागला. मलाही वाटलं आपण करून घेऊ. एकाने या माणसाचं नाव सुचवलं. शहराबाहेर शेड, आत दोन जावा, एक आरएक्स हंड्रेड, टाक्यांवर सोनेरी रेघा मारलेल्या, बघूनच माणूस खलास. पोरगा गोड बोलणारा, सर सर करत होता. 95 हजार सांगितले, त्यात इंजिन फुल, म्हणजे नवीन बोर-पिस्टन, क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याला, कनेक्टिंग रॉड किट, सगळे ऑइल सील, वायरिंग, पेंट, क्रोम. वर 25 हजार वेगळे, 'व्हिंटेज नंबर' काढून देतो म्हणून.

इथेच थांबायला हवं होतं मी. व्हिंटेजचा नियम 2021 चा आहे, गाडी 50 वर्षांच्या वरची लागते, नंबरमधे व्हीए अक्षरं येतात, नवीन रजिस्ट्रेशनची सरकारी फी 20 हजार आहे आणि ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेसाठीच. 1982 ची गाडी 2032 शिवाय त्यात बसतच नाही. हे सगळं पैसे दिल्यावर वाचलं. त्याने मात्र फीचा आकडा बरोब्बर सांगितला होता, वीस फीचे आणि पाच एजंटचे, म्हणून मला खरं वाटलं.

पैसे कसे दिले तेही सांगतो. चाळीस रोख, मग तीस, मग 'क्रोमवाला अडून बसलाय' म्हणून पंधरा, असं करत करत नंबरचे धरून 1 लाख 38 हजार गेले. बिल एकाचंही नाही. काही रक्कम फोनवरून पाठवली तीपण त्याच्या मेव्हण्याच्या नावावर. नऊ महिने लागले. मधे मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा टाकी आणि मडगार्ड दाखवले, इंजिन म्हणे लेथवाल्याकडे आहे.

डिलिव्हरीला बायको आणि आईला घेऊन गेलो. गाडी बाहेर उभी, मरून रंग, ऊन पडलेलं. एका किकमधे चालू! आई तर रडायलाच लागली. पण किक मारायच्या आधीच एक गोष्ट घडली ती मला तेव्हा कळली नाही, हळदीकुंकू लावताना आईचा हात सायलेन्सरला लागला आणि ती 'अगं बाई' करून मागे सरली. गाडी अजून मी चालू केली नव्हती. म्हणजे आम्ही यायच्या आधी त्याने अर्धा तास फिरवून गरम करून ठेवलेली.

आणि दुसरी गोष्ट, हिचं तर मला हसावं का रडावं कळत नाही. 1991 ला अण्णांनी द्वारका चौकात गाडी पाडली होती, तेव्हा ब्लॉकची, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या सिलिंडरची, उजवीकडची तिसरी फिन (हवेने थंड व्हायला बाहेर असते ती पाती) कोपऱ्यातून तुटली. ती कायम तशीच. लहानपणी मी त्या खाचेत बोट घालायचो आणि चटका बसला की बोंबलायचो. डिलिव्हरीच्या दिवशी बघतो तर फिन अख्खी. मीच त्याला म्हटलं, वा भाऊ, फिनसुद्धा वेल्ड करून दिलीस! तो म्हणतो, "सर, आपलं काम असंच असतं."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी थंड गाडीला वीस-पंचवीस किका. चालू झाली की ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली येईना, इंजिन आपलं वरच किंचाळत राहायचं. धूर टू-स्ट्रोक म्हणून असणारच पण हा पांढरा दाट आणि वास जळक्या गिअर ऑइलचा. फोन केला तर 'सर नवीन इंजिन आहे, सेट व्हायला वेळ लागतो, पाचशे किलोमीटर चालवा'. चालवली. तिसऱ्या रविवारी त्र्यंबकला निघालो, महिरावणी सोडलं आणि पुढे चढाला आवाज एकदम बदलला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा, मी क्लच दाबेपर्यंत मागचं चाक घासत उभं. किक खालीच जाईना. टेम्पोत घालून आणली, तो टेम्पोवालासुद्धा म्हणाला की पेंट मस्त मारलाय.

रिस्टोरवाल्याची उत्तरं आधीपासून तयार होती. पहिलं, तुम्ही ऑइल कमी घातलं. माझ्या गाडीला ऑइल पंप नाही, पेट्रोलमधेच मिसळायचं, मी लिटरला 40 मिली घालत होतो, मापाची बाटली आहे माझ्याकडे. मग म्हणाला आजकालच्या पेट्रोलला इथेनॉल आहे, त्याने सील खाल्ले. आता यात थोडं तथ्य आहे म्हणूनच ते धोकादायक, वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला चांगलं नाही आणि गाडी उभी राहिली तर ते पाणी धरतं. पण सील नवीन टाकले म्हणून पैसे घेतलेस ना बाबा, तीन आठवड्यात खाल्ले? मग फोन उचलणं बंद.

शेवटी भद्रकालीतल्या एका चाचांकडे नेली. सत्तरीच्या पुढचे, दुकानाला पाटीसुद्धा नाही. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पेंटकडे बघितलं पण नाही, म्हणाले, "पोरा, अण्णांची ना ही? हिचा ब्लॉक कुठाय?" अण्णा तिथेच यायचे हे मला डायरीत बघूनच कळलं होतं. मी म्हटलं ब्लॉक आहे की. ते म्हणे, "हा नाही. तिचा फुटका होता."

मी तिथेच स्टुलावर बसलो.

आधी त्यांनी रॉकेल सोडून रात्रभर ठेवून पिस्टन मोकळा केला. मग इंजिन खोलायच्या आधी जे केलं ते मी कुठे बघितलं नव्हतं. डॉक्टरचं बीपीचं मशीन काढलं, तो हाताला बांधायचा पट्टा काढून टाकलेला, नुसता फुगा, नळी आणि काटा. एक्झॉस्टला रबर ठोकून बंद, कार्बोरेटर काढून तिथे रबर आणि त्यात ही नळी. फुगा दाबत काटा 250 वर नेला. म्हणाले, चांगलं इंजिन असेल तर काटा पाच मिनिटं हलत नाही. आमचा काटा मी तीनपर्यंत मोजायच्या आत खाली. डायनामो काढून तिथे साबणाचं पाणी लावलं तर क्रँकच्या सीलभोवती फेसच फेस, लहान पोरं फुगे उडवतात तसा.

टू-स्ट्रोकचं हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात पेट्रोल आणि हवा सरळ वर जात नाही, आधी पिस्टनच्या खाली क्रँककेसमधे ओढली जाते आणि तिथून दाबून वर. म्हणजे खालची पेटी हीच पंप आहे, आणि तिला हवाबंद ठेवतात ते क्रँकचे सील. डायनामोकडचं सील गेलं तर फालतू हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिन किंचाळतं, तापतं आणि पिस्टन चिकटतो. क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, म्हणून तो पांढरा धूर. माझ्या गाडीचे दोन्ही गेलेले होते, म्हणजे नवीन टाकलेच नव्हते. चाचांनी डायनामोकडचं सील काढून माझ्या हातात दिलं, वाकवलं तर बिस्किटासारखं तुटलं.

ब्लॉक काढल्यावर बाकीचं. आत एमरी पेपर फिरवल्याचे आडवेतिडवे ओरखडे, बोअर केलेलाच नाही. पिस्टनच्या डोक्यावर साइजचा शिक्का, आणि अण्णांच्या डायरीत 1994 च्या पानावर 'ब्लॉक बोअर, पहिला साइज'. दर वेळी ब्लॉक बोअर केला की पिस्टन पुढच्या साइजचा लागतो, आणि हा पिस्टन त्याच्या कितीतरी पुढच्या साइजचा, म्हणजे कोणाच्या तरी मरायला टेकलेल्या गाडीचा ब्लॉक माझ्या गाडीवर आणि एकदाच बोअर झालेला माझा ब्लॉक भलतीकडेच. कनेक्टिंग रॉड हाताने वरखाली हलवला तर टकटक वाजत होता. कार्बोरेटरपण आमचा नव्हे. क्रँककेसवर इंजिन नंबर असतो म्हणून तेवढी आमची राहिली.

हां, आणि 'तुमचे जुने पार्ट' म्हणून त्याने एक पिशवी दिली होती, मी ती इमानदारीची खूण म्हणून जपून ठेवलेली. चाचांनी त्यातली पिस्टनची रिंग ब्लॉकमधे सोडली तर बादलीत बांगडी पडावी तशी सरळ आरपार खाली. "ही तर स्कूटरची आहे," म्हणाले आणि हसतच सुटले, मलापण हसू आलं.

म्हणून सांगतो, देणारच असाल तर देण्याआधी ब्लॉक, हेड, कार्बोरेटर, सगळ्याला न दिसेल अशा जागी पंचने एक ठिपका मारून ठेवा आणि त्याचे फोटो काढा. इंजिन जोडून पॅक करतील त्या दिवशी तिथे जाऊन बसा, सुट्टी टाकावी लागली तरी. डिलिव्हरीला आधी इंजिनला हात लावा, कोमट जरी लागलं तर 'उद्या सकाळी येतो' म्हणा आणि किक स्वतः मारा. बीपी मशीनवाली टेस्ट समोर करून मागा, ज्याने खरंच सील टाकलेत त्याला दहा मिनिटांचं काम आहे. आणि पेंटचे पैसे शेवटी द्या, आधी इंजिन.

चाचांनी दुसरा ब्लॉक शोधला, अंबडच्या लेथवर बोअर करून घेतला, क्रँकला नवीन किट प्रेस करून डायल लावून सरळ केला, दोन्ही सील नवे. 21 हजार 500 झाले, वहीच्या पानावर बिल, एकेका पार्टची किंमत लिहून. बीपीचा काटा पाच मिनिटं हलला नाही, मी मोबाईलवर टायमर लावून बघितलं.

तिकडे ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, पाच लाखांच्या आत फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. बिल नाही म्हणून व्हॉट्सॲपचे मेसेज, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि अण्णांचा गाडीवरचा एक जुना फोटो जोडलाय, त्यात गुडघ्याच्या पुढे ती तुटकी फिन स्पष्ट दिसते. कोणाच्या जावा-येझदीवर उजवीकडची तिसरी फिन कोपऱ्यातून तुटलेली असा ब्लॉक दिसला तर मला कळवा, भांडणार नाही, विकत घेईन.

गाडी सध्या पाचव्या-सहाव्या किकला उठते. दर रविवारी गिअर ऑइलची लेव्हल बघतो, काल बघितली, होती तेवढीच आहे.