सेटलमेंट की नादारी? ठाणे-नवी मुंबईत कर्जात अडकलेल्यांनी काय बघावं

दोन-तीन क्रेडिट कार्डं, वर पर्सनल लोन, हप्ते थकलेत आणि रिकव्हरीवाल्यांचे फोन चालू, अशात माणूस घाबरून मिळेल ती सेटलमेंट (थकबाकीपेक्षा कमी रक्कम ठरवून खातं मिटवणं) घेतो नाहीतर कोणीतरी सांगतं नादारी म्हणजे दिवाळखोरी जाहीर कर, सगळं माफ. थांबा जरा. फोनचा छळ थांबवायला या दोन्हीची गरजच नाही. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, धमक्या नाहीत, नातेवाईकांना त्रास नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये स्पष्ट सांगितलंय. बँकेकडे लेखी तक्रार टाका, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा, फी नाही. आणि "पोलीस उचलून नेतील" असं कोणी म्हणालं तर नुसते हप्ते थकले म्हणून अटक होत नाही, चेक बाऊन्सची केस मात्र फौजदारी असते, तिची तारीख चुकवू नका.

सेटलमेंट कोर्टाबाहेर होते, पटकन होते, पण ज्या बँकेशी केली तिच्यापुरतीच, बाकीचे मागे लागलेलेच राहतात. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जाच्या नोंदीत, 'सेटल्ड' पडतं आणि पुढे होम लोनला ते नडतं. आधी बँकेचं पत्र, मग पैसे, तेही लोन खात्यातच, एजंटच्या यूपीआयवर एक रुपया नाही. नंतर एनओसी, म्हणजे आता काही देणं नाही असं बँकेचं पत्र, घ्यायचीच.

नादारीचं वेगळं. 2016 चा नवा दिवाळखोरी कायदा साध्या माणसाच्या कर्जाला अजून लागूच केलेला नाही, म्हणून मुंबईत मुलुंडपर्यंत 1909 चा नादारी कायदा आणि हायकोर्ट, चेकनाका ओलांडला की 1920 चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय. ठाणे, वाशी, नेरुळवाल्यांना ठाणे, खारघर-पनवेल रायगडात जातं. कोर्टाने नादार ठरवलं की कोर्टाच्या परवानगीशिवाय कर्ज देणारे तुमच्यावर वसुलीचा दावा लावू शकत नाहीत, सगळे एकाच ठिकाणी येतात, हा मोठा फायदा. पण तुमची मालमत्ता रिसीव्हरकडे, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे, जाते, घर गहाण असेल तर होम लोनवाली बँक त्यावर हात टाकतेच, कर्जमुक्तीचा आदेश वेगळा मागावा लागतो, आणि तोवर आमदारकी-खासदारकीला उभं राहता येत नाही. वेळही भरपूर जातो.

मला विचाराल तर पगार चालू आणि एक-दोनच बँका असतील तर सेटलमेंटच. कोर्टाचा हुकूम झाला तरी पगारातले पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत, पीएफही नाही, मग बँकेच्या पहिल्याच आकड्याला हो कशाला म्हणायचं? धंदा बुडालाय, दहा ठिकाणचं देणं आहे, विकण्यासारखंही काही उरलं नाही, तेव्हा मात्र नादारीचा अर्ज खरंच विचारात घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.