स्टिकर तीन एचपीचा, मोटार एक एचपीची: डस्ट कलेक्टर घेताना झालेली फसवणूक

३ एचपी मोटार, २,००० सीएफएम (म्हणजे मिनिटाला २,००० घनफूट) हवा आणि अगदी बारीक कणही अडवणारा हेपा फिल्टर, असं सांगून मला ३४,५०० रुपयांना एक डस्ट कलेक्टर (लाकूडकामाची धूळ ओढून घेणारं यंत्र) विकला गेला. तिन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. मोटार एक एचपीची आहे. हवा सांगितली त्याच्या दहाव्या भागाइतकीही ओढली जात नाही. आणि फिल्टर म्हणजे गाड्यांच्या एअर फिल्टरमध्ये असतो त्या जातीचा घड्या घातलेला कागद. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून विक्रेत्याचं नाव इथे लिहीत नाही. पण घरी सुतारकाम करणाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढतेय आणि याच पद्धतीने आणखी यंत्रं विकली जातायत, हे मला आता माहीत आहे. पैसे गेल्याचं दुःख आहेच. त्याहून जास्त राग याचा आहे की हा माणूस लोकांच्या श्वासाशी खोटं बोलतोय.

आमचं घर कोल्हापुरात, कळंब्याकडे. खाली गाडी लावायची जागा होती तिथे मी कामाची खोली केली आहे. टेबल सॉ, थिकनेस प्लेनर (फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारा), राउटर आणि ऑर्बिटल सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारा) एवढी यंत्रं. टिंबर मार्केटमधून पाडलेल्या वाड्यांचा जुना साग मिळतो, तो आणून टेबलं, कपाटं, देव्हारे करतो. नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि रविवारी.

वरच्या खोलीत माझे वडील असतात. त्यांची उभी हयात शिरोलीच्या एका फौंड्रीत फेटलिंगला गेली. कास्टिंग घासताना उडणारी वाळूची धूळ त्यांच्या छातीत बसली, आणि आता जिना चढला की त्यांना धाप लागते. मी सँडर घेतला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “दिसती ती धूळ झाडून जाती रं. न्हाई दिसत ती छातीत बसती.” डस्ट कलेक्टर घ्यायचं त्याच दिवशी ठरलं.

लाकडाची धूळ वाळूपेक्षा मवाळ आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात घातलंय, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत. नाकाच्या आणि नाकालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग. खाली पडणारा भुसा आणि ढलप्या झाडूने निघतात. सँडिंगची बारीक धूळ मात्र तासन्‌तास हवेत तरंगत राहते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसात अगदी खोल जाणारे कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असतात. त्यात कोल्हापूरचा पावसाळा. जून ते सप्टेंबर दार उघडं ठेवलं तर लाकूड ओल धरतं, यंत्रांना गंज चढतो. दार लावावं तर धूळ आत कोंडते.

विक्रेता मला मोबाइलवरच्या जाहिरातीतून सापडला. शहराबाहेर त्याचा गाळा आहे, तिथे डेमो बघायला मिळाला. माणूस बोलायला गोड. मी त्याला सगळं विचारलं होतं: मोटारीची रेटेड ताकद, म्हणजे सतत चालताना मिळणारी, किती, सीएफएम कुठे मोजलं, फिल्टर कोणत्या ग्रेडचा. त्याने व्हॉट्सॲपवर लेखी उत्तर दिलं, “३ एचपी रेटेड, २००० सीएफएम, एच-१३ हेपा.” तो मेसेज आज माझा सगळ्यात मोठा पुरावा आहे. असं काही घेताना तोंडी बोलणं झालं तरी पुन्हा लिहून घ्या.

डेमो कसा केला ते सांगतो, कारण तो भुलवणारा होता. जमिनीवर प्लेनरच्या ढलप्यांचा ढीग, यंत्राला जेमतेम हातभर पाइप, बटण दाबलं की ढीग गायब. बघणाऱ्याला वाटतं, काय ताकद आहे! पण आखूड पाइपने हलक्या ढलप्या कुठलाही ब्लोअर उचलतो. खरी परीक्षा आठ-दहा फूट पाइप लावून, फिल्टरवर धुळीचा थर बसल्यावर, सँडिंगच्या पिठासारख्या धुळीवर होते. शिवाय डेमोचं यंत्र आणि मला मिळालेलं यंत्र एक नव्हतंच. रंग तोच, पिशवी तीच. डेमोच्या यंत्राची मोटार मात्र अंगाने मोठी होती. माझं यंत्र खोक्यात बंद होऊन आलं.

खोक्यातून काढल्यावर पहिली खूण वायरीच्या टोकाला होती. साधी, सहा अँपिअरची पिन. आपल्या घरगुती २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर तीन एचपीची मोटार पूर्ण भाराला तेरा-चौदा अँपिअर घेते. तिला सोळा अँपिअरचा पॉवर प्लगच लागतो. त्याला फोन केला तर म्हणाला, “साहेब, आपल्या मशीनला सॉफ्ट स्टार्टर आहे, करंट कमी लागतो.” सॉफ्ट स्टार्टर फक्त सुरू होतानाचा झटका कमी करतो. चालू मोटारीचा करंट त्याने एक तृतीयांश होत नाही.

यंत्र प्लेनरला जोडलं. अर्ध्या ढलप्या पाइपातच अडकायच्या. त्यावरही मी म्हणत होतो की जोडणी नीट करू. पण रात्री दिवे मालवून टॉर्च लावला आणि यंत्र चालू केलं, तेव्हा फिल्टरच्या खालच्या कडेतून धुराची रेघ निघावी तशी बारीक धूळ बाहेर येताना दिसली. म्हणजे यंत्र जमिनीवरची धूळ उचलत होतं, जाड कण ठेवून घेत होतं आणि सगळ्यात घातक कण खोलीभर उडवत होतं. असं यंत्र नसलेलं बरं. यंत्र नसताना माणूस निदान मास्क तरी लावतो. हे चालू असलं की विश्वासाने मास्क काढून ठेवतो.

मोटार काढून मी शिवाजी उद्यमनगरात नेली. तिथे आमच्या ओळखीचे एक वाइंडिंगवाले मामा आहेत. त्यांनी मोटार हातात घेऊनच मान हलवली.

“किती एचपीची म्हणून घेतलीसा?”

“तीन, मामा.”

“हिच्या बॉडीत तीन एचपीचं वाइंडिंग मावणारच न्हाई. चला, लावूया टाँग टेस्टर.”

यंत्रावर परत बसवून, पाइप काढून, तोंड पूर्ण उघडं ठेवून करंट मोजला. साडेपाच अँपिअर. हे उघड्या तोंडाने मोजणं महत्त्वाचं आहे, कारण अशा ब्लोअरला जास्तीत जास्त हवा मिळते तेव्हाच त्याच्यावर सगळ्यात जास्त भार येतो. तोंडावर हात ठेवला की करंट उलट उतरतो. त्यामुळे “लोड नव्हता म्हणून कमी दाखवला” ही सबब इथे चालत नाही. मग मामांनी ब्लेडच्या टोकाने मोटारीवरचा चकचकीत स्टिकर सोलला. खाली पत्र्याची मूळ नेमप्लेट होती: १ एचपी, २,८५० आरपीएम. मी काही बोललो नाही. मामाच म्हणाले, “फोटो काढून ठेवा. स्टिकर टाकू नका.”

आता २,००० सीएफएमचं बघा. यंत्राचं तोंड चार इंचांचं. त्यातून खरोखर २,००० सीएफएम जायचं असेल तर पाइपात हवेचा वेग ताशी चारशे किलोमीटरच्या वर हवा. असल्या यंत्राला ते कधीच जमणार नाही. चांगल्या यंत्राने चार इंची पाइपातून साडेतीनशे-चारशे सीएफएम ओढली तरी ते उत्तम काम आहे, आणि थिकनेस प्लेनरला निदान तेवढी लागतेच. मी एका मित्राचा ॲनिमोमीटर आणून पाइपाच्या तोंडाशी वेग मोजला. सेकंदाला नऊ मीटर, म्हणजे सुमारे १५५ सीएफएम. ॲनिमोमीटर बाजारात हजार-दोन हजारांत मिळतो, आणि डेमोला तो खिशात घेऊन जाण्यात कसलाही संकोच बाळगू नका. जो विक्रेता तो लावू देत नाही त्याच्याकडून यंत्र घेऊ नका.

मग हे आकडे येतात कुठून? बरेचसे परदेशी कॅटलॉगमधून जसेच्या तसे उचललेले असतात. तिथेही पुष्कळदा पाइप नाही, फिल्टर नाही, नुसता पंखा हवेत फिरवून मोजलेली हवा छापतात. त्यात अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, मोटार मिनिटाला ३,४५० च्या आसपास फेरे घेते. आपल्याकडे ५० हर्ट्झवर तीच २,८५० घेते. हवा फेऱ्यांच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे प्रामाणिक आकडासुद्धा इथे सहावा भाग उतरतो. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: अमुक दाबाला हवा किती, याचा आलेख आहे का? शिवाय आतल्या पंख्याचा व्यास विचारा. दोन-तीन एचपीच्या यंत्राला साधारण बारा इंचांचा, बहुतेक पत्र्याचा पंखा असतो. माझ्या यंत्रात नऊ इंचांचा प्लॅस्टिकचा निघाला.

फिल्टरबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. ‘हेपा’ हा शब्द स्टिकरवर छापायला काही लागत नाही. खऱ्या फिल्टरला ग्रेड असतो. एच-१३ म्हणजे सगळ्यात सहज निसटणाऱ्या आकाराचे कणसुद्धा ९९.९५ टक्के अडवणारा, आणि त्याबरोबर ईएन १८२२ या मानकाचा उल्लेख आणि चाचणीचा कागद येतो. माझ्या फिल्टरवर यातलं काहीच नव्हतं. उद्यमनगरातल्याच एका फिल्टरवाल्याने कागद उजेडात धरला आणि गाडीचा म्हणून सांगितला. त्यात फिल्टर बसायच्या जागी फट बंद करणारं रबरी गॅस्केटच नव्हतं. टॉर्चच्या उजेडात दिसलेली धूळ तिथूनच येत होती. गॅस्केट नसेल तर आतला कागद सोन्याचा असला तरी हवा कडेनेच पळते.

मी हे सगळं विक्रेत्यापुढे ठेवलं तेव्हा त्याची उत्तरं बदलत गेली. आधी म्हणाला, “पिशवी थोडी भरू द्या, मग धूळ अडते.” हे अर्धं खरं आहे, कापडावर थर बसला की ते जास्त अडवतं, पण तेवढीच हवाही कमी होते, आणि गॅस्केट काही उगवत नाही. मग म्हणाला, “तीन एचपी हा पीक आहे,” म्हणजे क्षणभरापुरती मिळणारी ताकद. त्याच्याच मेसेजमधला ‘रेटेड’ शब्द दाखवल्यावर म्हणाला, “तुम्ही स्टिकर काढला, वॉरंटी गेली.” त्यानंतर फोन उचलणं बंद. बिलावरचा जीएसटी नंबर मी सरकारी पोर्टलवर टाकला, तर तो भलत्याच नावाने नोंदलेला आणि रद्द झालेला निघाला. हे तपासायला मिनिटभर लागतं आणि पैसे देण्याआधीही करता येतं. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो, एकूण पंधरा अक्षरं-अंक असतात, पण नुसतं रूप बरोबर असून भागत नाही. नाव जुळतंय का आणि नोंदणी चालू आहे का ते बघावं लागतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली, रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, आणि उत्तर आलं नाही तेव्हा कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइनही भरता येतो. विक्रेत्याने आयोगापुढे म्हटलंय की मी यंत्र धंद्यासाठी घेतलं, म्हणून मी ग्राहकच नाही. माझं काम घरापुरतं आहे, ते मी मांडलंय. पण जे सुतार स्वतःच्या पोटासाठी स्वतः राबतात त्यांनाही हे सांगायला हवं: स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ग्राहकाचीच खरेदी धरली जाते. “तू धंदेवाला, तुला हक्क नाही” असं कुणी दटावलं तर मागे हटू नका.

सध्या प्लेनर चालवायचा तो अंगणात, पाऊस नसेल तेव्हा. सँडरला एक बरा व्हॅक्यूम जोडलाय. सँडरच्या बारीक पाइपाला जोराची ओढ लागते, हवा कमी चालते. तिथे व्हॅक्यूमच योग्य, आणि प्लेनरला मोठ्या पाइपाचा कलेक्टर. एकच यंत्र दोन्ही कामं उत्तम करतं असं कुणी सांगितलं तर त्याला दोन्ही ठिकाणी लावून दाखवायला सांगा. यंत्र चालू असो वा नसो, मी आता आयएस ९४७३ असं छापलेला एफएफपी-२ मास्क लावतो, आणि काम संपल्यावरही काही वेळ तो काढत नाही, कारण धूळ लगेच खाली बसत नाही.

तुम्ही असं यंत्र घेतलं असेल तर आज दोन गोष्टी करा. रात्री खोलीत अंधार करून टॉर्चच्या उजेडात फिल्टरच्या कडा बघा, आणि मोटारीवरच्या स्टिकरचा कोपरा उचलून पाहा. उचलताना व्हिडिओ काढा. खाली दुसरी नेमप्लेट निघाली तर यंत्र परत जोडू नका, खोकं टाकू नका, मेसेज पुसू नका. आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा आधी बिलावरची तारीख बघा.