भिगवणची बोट सफारी: फ्लेमिंगोच्या पलीकडचं बघायचं असेल तर

भिगवणजवळ उजनी धरणाच्या काठावरच्या कुंभारगावला बोटीने पक्षी बघायला जाणार असाल तर बोट कुठलीही घ्या पण नावाडी विचारपूस करून निवडा, सगळा फरक तिथेच पडतो. आम्हाला मिळालेले दादा मूळचे मासेमारी करणारे, आणि ते पक्ष्याचं नाव लगेच सांगतच नाहीत! आधी म्हणतात, ताई चोच बघा, पाय कुठल्या रंगाचे ते बघा, आता उडेल तेव्हा पंखाचं टोक बघा. पांढरे बगळे आपण सरसकट सोडून देतो ना, पण चोच काळी, पाय काळे आणि बोटं पिवळीधमक म्हणजे छोटा बगळा, आणि मोठ्या बगळ्याच्या तोंडाची रेघ पार डोळ्याच्या मागे जाते, हे एकदा बघितलं की डोळे आपोआप तिकडेच जातात.

कुरव, म्हणजे सीगल, मात्र आपलं डोकं खातात. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा असे दोन, आणि थंडीत दोघांचंही डोकं पांढरं, कानापाशी डाग तेवढा, म्हणजे नावाचा उपयोग शून्य 😄 दादांनी डोळा बघायला लावला. पूर्ण वाढलेल्या तपकिरीवाल्याचा डोळा फिकट आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके, दुसऱ्याचा डोळा गडद आणि उडताना पंखाची पुढची कड पांढरी चमकते. चिखलातल्या सँडपायपर या छोट्या पाणपक्ष्यांचंही तसंच, ग्रीन आणि वूड असे दोन, ग्रीन उडाला की पंख खालून काळपट दिसतो, वूडचा फिकट, शिवाय वूडची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. पट्टकादंब, म्हणजे बार-हेडेड गूज, सोपा, डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे, लहान मुलंही ओळखतील.

अजून एक आवडलं, फ्लेमिंगोंच्या बरंच अलीकडे इंजिन बंद करून बांबूने बोट ढकलत नेली आणि थांबवली. शेजारची एक बोट फोटोसाठी थेट थव्यात घुसली, सगळे उडाले, आणि त्यांचे पर्यटक टाळ्या वाजवत होते. अशा नावाड्याला जास्तीचे पैसे देऊ नका प्लीज.

वजा बाजू म्हणजे दुर्बीण मिळत नाही, ८ बाय ४२ (म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी) असेल तर स्वतःची न्या, १० पटीची हलत्या बोटीत फार थरथरते. लाइफ जॅकेट मागून घ्यावं लागलं, ते आधीच द्यायला हवं. आणि उजनी काठोकाठ भरलेलं असताना गेलात तर चिखलाचे काठ पाण्याखाली असतात, मग छोटे पाणपक्षी फारसे दिसत नाहीत, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीपेक्षा जानेवारीनंतर पाणी उतरल्यावर जा. पुण्याहून साधारण १०० किमी, पहाटे निघा. उतरल्यावर चिलापी फ्राय आणि भाकरी मिळते, पण ऑर्डर बोटीत बसायच्या आधीच देऊन ठेवा नाहीतर तासभर ताटकळत बसाल.

५ पैकी ४, एक कापला तो जॅकेटसाठी.