युरोपात देश ओलांडणारी रेल्वे तिकिटे: गाडी जर्मन साइटवर शोधा, भाडे दोन्हीकडे बघा

बर्लिनहून प्रागला जाणारी एकच गाडी घ्या. डबा तोच, वेळ तीच, बाकडेही तेच. तरी जर्मन रेल्वेच्या साइटवर तिचे एक भाडे दिसते आणि चेक रेल्वेच्या साइटवर दुसरे, बऱ्याचदा कमी. दोन देशांतून धावणाऱ्या गाडीच्या स्वस्त तिकिटांचा कोटा प्रत्येक रेल्वे आपापला ठेवते आणि भाडेही आपले लावते. म्हणून जर्मन कोटा संपला तरी चेक कोट्यात जागा उरलेली असू शकते. एवढे कळले की खर्चाचे अर्धे कोडे सुटते.

आयआरसीटीसीच्या सवयीने पाहिले तर इथला हिशेब उलटा वाटेल. आपल्याकडे तिकीट ६० दिवस आधी खुले होते आणि खरी चिंता जागा मिळेल का, ही असते. युरोपात वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही. बहुतेक मार्गांवर जागा शेवटपर्यंत मिळते. वाढत जाते ते भाडे. स्वस्त कोटा भरला की पुढचा महाग कोटा उघडतो, आणि आदल्या दिवशी तेच तिकीट दुप्पट-तिप्पट झालेले असते. दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर युरोपभर वेळापत्रक बदलते, त्यामुळे त्या तारखेपलीकडच्या गाड्या उशिरा विक्रीला येतात. ख्रिसमसच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून नजर ठेवावी.

आता साइटबद्दल. डॉइचे बान म्हणजे जर्मन रेल्वे. तिची साइट आणि ‘डीबी नेव्हिगेटर’ हे अॅप वेळापत्रकासाठी सर्वांत भरवशाचे. इंग्रजी आवृत्ती आहे, आणि पॅरिसपासून बुडापेस्टपर्यंत जवळजवळ कोणतीही गाडी त्यात सापडते. मात्र गाडी दिसते म्हणून तिकीट मिळेलच असे नाही. बार्सिलोना ते माद्रिद टाकले की वेळा येतात, भाड्याच्या जागी तिकीट देता येत नाही असा संदेश येतो. वेळापत्रके रेल्वे कंपन्या एकमेकींना देतात. दुसऱ्या देशाची भाडी विकायला वेगळा करार लागतो. असा संदेश आला की गाडी भरली असे समजू नका. प्रवास मधल्या मोठ्या शहरात तोडा आणि तो तुकडा त्या देशाच्या रेल्वेच्या साइटवर शोधा.

शोधताना घाईत हमखास होणाऱ्या चुका सांगतो. स्टेशनचे नाव स्थानिक भाषेत लिहा: व्हिएन्नासाठी ‘वीन एचबीएफ’ (Wien Hbf), प्रागसाठी ‘प्राहा एचएल एन’ (Praha hl.n.; दोन्हींतली शेवटची अक्षरे म्हणजे मुख्य स्टेशन), व्हेनिससाठी ‘व्हेनेझिया सांता लुचिया’. व्हेनेझिया मेस्त्रे हे स्टेशन पाण्याच्या अलीकडे, मुख्य भूमीवर आहे. तिथे उतरलात तर बेटावर जायला पुन्हा गाडी पकडावी लागते. फ्रँकफुर्ट दोन आहेत, एक माइन नदीवर, दुसरे ओडर नदीवर पोलंडच्या सीमेला. पॅरिसला स्टेशने अनेक: जर्मनीच्या गाड्या गार द लेस्तला येतात, लंडनच्या गार द्यू नोरला, इटलीच्या गार द लियाँला. प्रवाशांच्या माहितीत ‘बानकार्ड’चा, म्हणजे जर्मन रेल्वेच्या सवलत कार्डाचा, पर्याय निवडला की भाडे लगेच खाली येते, पण ते कार्ड जवळ नसेल तर तपासनीस तिकीट मानणार नाही. मुलांची वये खरी भरा. जर्मनीत ६ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीत ही मर्यादा ४ वर्षांची.

‘अदलाबदलीचा वेळ’, म्हणजे गाडी बदलायला किमान किती मिनिटे हवीत, हा शोधातला पर्याय बहुतेक जण पाहतही नाहीत, आणि त्याचीच सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते. साइट आपणहून सात-आठ मिनिटांत गाडी बदलायला सांगते. २०२४ मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवरच मोजला जातो. दोन मोठ्या बॅगा आणि सोबत आई-वडील असतील तर हा वेळ किमान ३० मिनिटे करा. दाखवलेल्या गाड्या कमी होतील, पण त्यातल्या प्रत्यक्ष पकडता येतील.

तिकिटांचे प्रकार तीन. ‘सुपर श्पारप्राइस’ सर्वांत स्वस्त. रद्द केले तर पैसे बुडाले. ‘श्पारप्राइस’ प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत दहा युरो कापून रद्द होते आणि बाकी रक्कम व्हाउचर म्हणून मिळते. ‘फ्लेक्सप्राइस’ महाग, पण त्या दिवशी त्या मार्गावरच्या कोणत्याही गाडीला चालते. पहिले दोन ठराविक गाडीला बांधलेले असतात. आधीची गाडी रिकामी दिसली म्हणून चढलात तर विनातिकीट ठरता. शेंगेन व्हिसा हातात येईपर्यंत पहिला प्रकार घेऊ नये. व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची आहे. अर्ज लवकर टाकला तर व्हिसाही हातात असतो आणि स्वस्त कोटाही शिल्लक असतो.

गाडी आणि वेळ नक्की झाली की भाडे किमान दोन साइटवर पाहा: गाडी जिथून सुटते त्या देशाच्या आणि जिथे जाते त्या देशाच्या. बर्लिन-प्रागला चेक रेल्वेची साइट. व्हिएन्ना-बुडापेस्टला ऑस्ट्रियाची ओबीबी आणि हंगेरीची एमएव्ही. म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून व्हेरोना, व्हेनिसला जायचे असेल तर डॉइचे बान आणि ओबीबी दोन्ही. ओबीबीच्या स्वस्त तिकिटाला ‘श्पारशीने’ म्हणतात. त्यांच्या ‘नाइटजेट’ या रात्रीच्या गाड्यांचे तिकीटही तिथेच घ्यावे. प्राग-व्हिएन्ना मार्गावर ‘रेजिओजेट’ ही खासगी कंपनीही धावते, तिचे भाडे तिच्याच साइटवर पाहा. ट्रेनलाइन, ओमिओ अशा साइट अनेक रेल्वे एका जागी दाखवतात. परक्या कार्डाला रेल्वेची साइट अडली की त्या उपयोगी पडतात, पण बुकिंगचे शुल्क घेतात, आणि तिकीट रद्द करायचे झाले की त्यांच्याकडेच जावे लागते, स्टेशनवरच्या खिडकीत काम होत नाही.

जागेचे आरक्षण हा वेगळा विषय. जर्मनीच्या आयसीई आणि ऑस्ट्रियाच्या रेलजेटमध्ये ते ऐच्छिक. तिकीट असले तरी जागा आपली नसते, शुक्रवारी संध्याकाळी उभे राहायची वेळ येते. टीजीव्ही, युरोस्टार, इटलीची फ्रेच्चारोसा आणि रात्रीच्या गाड्यांत आरक्षण सक्तीचे. भारतातून येणाऱ्यांना मिळणाऱ्या, अनेक देशांच्या गाड्यांना चालणाऱ्या युरेल पासवरही या गाड्यांचे आरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावे लागते, हे पासचा हिशेब करताना सुटते. युरोपात राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना युरेलऐवजी इंटररेल पास लागतो. अट पासपोर्टची नाही, राहत्या पत्त्याची आहे.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक. डॉइचलँडटिकिट हा जर्मनीभरचा मासिक पास. ते लोकलसारख्या रीजनल गाड्यांना चालते आणि ऑस्ट्रियातल्या झाल्झबुर्ग स्टेशनपर्यंत वैध आहे. म्युनिकहून व्हिएन्नाला जाताना झाल्झबुर्गपासूनचेच तिकीट घेतले तर बरेच पैसे वाचतात. मात्र ही दोन वेगळी तिकिटे झाली. पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी चुकली, तर दुसरे तिकीट वाया जायचा धोका आपला. सलग एकच तिकीट असेल तर रेल्वेला पुढे पोहोचवावे लागते. युरोपीय संघाच्या नियमाने ६० ते ११९ मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास किंवा जास्त उशिराला ५० टक्के भरपाई मिळते. ती मागावी लागते, आपोआप येत नाही.

पैसे भरताना अडचण बहुधा आपल्या बाजूची असते. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अॅपमधून आधी सुरू करा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून निघण्यापूर्वी घरूनच तिकिटे काढलेली बरी. चलन युरो ठेवा. रुपयांत भरायचा पर्याय आला तर नाकारा, त्यात रूपांतराचा दर वाईट असतो. ४० युरोंच्या तिकिटावर बँकेचा ३.५ टक्के अधिभार आणि त्यावरचा जीएसटी धरून साधारण १.६५ युरो जास्त जातात. चेक साइटवर चलन निवडता येते.

तिकिटावरचे नाव पासपोर्टप्रमाणे हवे. तिकीट ज्याच्या नावे, प्रवास त्यानेच करायचा. पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण सीमेजवळ नेटवर्क जाते आणि तपासनीस नेमका तिथेच बदलतो. लंडन शेंगेनबाहेर आहे, युरोस्टारचे तिकीट घेण्याआधी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागेल.

आणि बर्लिन-प्रागचे आरक्षण करताना नकाशावर डावीकडची खिडकी निवडा. ड्रेस्डेन सोडले की एल्बे नदी डाव्या हाताला येते आणि वाळूखडकाच्या कड्यांमधून गाडी तिच्या काठाकाठाने सीमा ओलांडते. परतीला उजवीकडची.